झीलकऱ्यांचं राजकारण



चळवळीतल्या गाण्यावर व्याख्यान द्यायचं म्हणजे विषयाच्या स्वभावाविरुद्ध जायचं. मी बोलणार, तुम्ही तासभर गप्प बसणार. मधे एखादा खोकला, एखादी टाळी, एवढंच तुमच्या वाट्याला. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच्या दोनच वर्षं आधी, २४ सप्टेंबर १८७३ला, त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि पुढे त्या समाजाच्या पोटी सत्यशोधकी जलसे जन्माला आले. एकच शहर, एकच दशक, आणि लोकांना जागं करायच्या दोन वाटा. एका वाटेवर लोकांनी कान उघडायचे होते, दुसऱ्या वाटेवर तोंड. मी आज पहिल्या वाटेवर उभा राहून दुसरीबद्दल बोलणार आहे. ही विसंगती तेवढी पोटात घाला.

राजकीय चळवळीत गाण्याचं काम काय असतं? आपलं उत्तर ठरलेलं आहे. विचार अवघड असतो, लोक अडाणी असतात, मग गाणं तो विचार सोपा करून त्यांच्या गळी उतरवतं. शाळेच्या निबंधापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत हेच उत्तर. मला ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला जरा उर्मटही वाटतं. ज्याला वेठबिगार पाठीवर कळलेली आहे त्याला ती सोपी करून कोण सांगणार? पाणवठ्यावरून ज्याला हाकललं त्याला अस्पृश्यतेची व्याख्या कशाला हवी? विचार त्याच्याकडे असतोच. नसते ती खात्री. आपल्याला जे वाटतं तेच शेजारच्यालाही वाटतं, आणि वेळ आली तर तो ते मोठ्यानं म्हणेल, ही खात्री. भाषण ती देऊ शकत नाही, कारण भाषणात शेजारचाही गप्पच असतो.

म्हणून आज मी शाहिरापेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहणार आहे. झीलकऱ्यांकडे.

पोवाड्याची रचना डोळ्यांसमोर आणा. पुढे शाहीर, हातात डफ. बाजूला तुणतुणं, झांज. मागे दोन-चार झीलकरी. शाहीर कडवं चढवत नेतो आणि शेवटी ओळ सोडून देतो. झीलकरी ती झेलतात, पुन्हा म्हणतात, ताणतात. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतली पोरं त्यांच्यात मिसळतात. चौथ्या-पाचव्याला मैदान मिसळतं. हे कुणी शिकवत नाही, चाल मुळातच तशी बांधलेली असते. शाहिराच्या ओळी लांब, वळणाच्या, चढ्या सुरातल्या. झीलीची ओळ आखूड, दोन-तीन स्वरांत फिरणारी, बेसूर माणसालाही पेलणारी. सुराला कच्चा माणूस गर्दीत लपून गाऊ शकेल अशी सोय त्या चालीतच आहे. आणि राजकारणात असे, सुराला कच्चे, संख्येनं नेहमीच जास्त असतात.

ही रचना चळवळींनी शोधलेली नाही. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला. पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर, होनाजी अशी थोर मंडळी झाली, पण शाहिराचं तोंड बरेचदा सरदाराच्या वाड्याकडे असायचं. बिदागी जिकडून, तोंड तिकडे. १८१८नंतर वाडे ओस पडले आणि शाहीर उघड्यावर आला. त्याला नवा धनी दिला तो पहिल्यांदा फुल्यांनी. १८६९ साली त्यांनी शिवाजीराजांवर पवाडा लिहिला आणि राजाला कुळवाडीभूषण म्हटलं. पुढे अखंड लिहिले ते वारकऱ्यांच्या अभंगाच्या घाटात. नवं सांगायचं होतं, तरी साचा जुनाच घेतला. का? कारण त्या साच्यात झील धरायची सवय लोकांना आधीपासून होती. वारीत टाळकरी होताच. आता त्याच्या तोंडी वेगळी ओळ द्यायची होती, एवढंच.

आंबेडकरी जलशांनी हेच काम अधिक धाडसानं केलं. १९३०च्या दशकात नाशिक भागात भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला, पाठोपाठ इतरांचे. साचा तमाशाचा. तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी, शेवटी वग. जलशानं काय केलं? गण ठेवला, पण वंदन देवाकडून काढून माणसांकडे वळवलं. गवळण सरळ कापली. कृष्णाच्या खोड्यांवर हसायला त्यांना वेळ नव्हता. बतावणीत सनातनी आणि सुधारक समोरासमोर उभे केले. वगाला महाडचं तळं आणि काळाराम मंदिर आलं. हे सगळं कुणासमोर? ज्यांनी १९२७ला महाडला आणि १९३०ला नाशिकला मार खाल्ला होता, त्यांच्यासमोर.

इथे क्षणभर थांबू. गावगाड्यात वाजवणं हे कुणाचं काम होतं? मांगाची हलगी, महाराचा डफ गावाला हवाच होता. लग्नाला हवा, जत्रेला हवा, मिरवणुकीला हवा. पण वाजवायचं गावानं सांगितल्यावर, थांबायचं गावानं सांगितल्यावर. कला होती, तिच्यावरचा हुकूम परक्याचा होता. जलसा उभा राहिला त्या रात्री वाद्य तेच राहिलं, हुकूम बदलला. माझ्या मते जलशातली सर्वांत मोठी राजकीय घटना हीच आहे. गाण्यात काय म्हटलं ते दुसऱ्या नंबरावर येतं.

बाबासाहेबांनी एका जलशाची किंमत आपल्या दहा सभांएवढी केली, असं आंबेडकरी शाहिरांत आजही सांगितलं जातं. आपण हे विनयाचं वाक्य समजतो. मला त्यात संघटकाचा रोकडा हिशेब दिसतो. सभेला बाबासाहेब स्वतः लागत. ते एकटे होते, गावं हजारो होती. जलसा बैलगाडीतून जाऊ शकत होता.

हे काही आपल्याच मातीतलं वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावात १९६१-६२ साली कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध आंदोलन केलं. तुरुंग भरले आणि कोठड्यांतून गाणी सुरू झाली. चाली चर्चमधल्या, एकानं ओळ टाकायची, मंडळीनं उचलायची. तीच झील. तिथूनच पुढे 'फ्रीडम सिंगर्स' हा गट निघाला, त्यात बर्निस जॉन्सन रेगन ही ऑल्बनीचीच मुलगी होती. हातात शस्त्र नाही, अंगावर कुत्री सोडतात, अशा वेळी गाणाऱ्याला पहिला उपयोग स्वतःसाठी होतो: आपण पळत नाही आहोत, हे त्याला स्वतःच्या आवाजावरून कळतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जरा अडचणीची आहे. झीलीला स्वतःचा विवेक नसतो.

चळवळीच्या गाण्यावर बोलणारे वक्ते बहुधा आपल्या आवडीच्या चळवळीची गाणी निवडतात आणि मग गाणं किती पुरोगामी असतं असं सांगून टाळ्या घेतात. पण १८९४ साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाचे मेळे निघाले तेव्हा आदल्या वर्षीच्या मुंबईच्या दंगलीचा राग ताजा होता, आणि मेळ्यांच्या पदांत तो मुसलमानांवर निघाला. गणवेश, लेझीम, तालावर पावलं, एकसुरात पदं; रचना उत्तम होती. त्याच मेळ्यांनी नंतर इंग्रजाविरुद्ध गायलं आणि सरकारनं त्यांच्यामागे पोलीस लावले. १९२०च्या दशकात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकरांचा छत्रपती मेळा ब्राह्मणी मेळ्यांना पदानं पद टोलवू लागला, तेव्हा दोन्हीकडच्या पदांची भाषा अशी होती की ती मी या सभागृहात म्हणणार नाही. १९६६ साली शाहीर साबळ्यांचं 'आंधळं दळतंय' आलं. मुंबईतल्या मराठी माणसाची खदखद त्यांनी त्यात रंगमंचावर आणली, आणि त्याच वर्षी निघालेल्या शिवसेनेला तिचा फायदा झाला. साबळे लहानपणी साने गुरुजींच्या सहवासात वाढलेले. मी दोष देत नाही, फक्त पाहायला सांगतो: डफ तोच, झील तीच. गर्दीला एक करण्याचं यंत्र कुणाच्याही हाती चालतं.

आणि म्हणूनच सत्ता त्याला भिते. किती भिते? १९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. गुन्हा काय? कवितांची एक छोटी पुस्तिका छापून प्रसिद्ध केली. बॉम्ब नाही, पिस्तूल नाही, पदं. पिस्तूल नंतर आलं. त्याच वर्षी २१ डिसेंबरला अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात. तिथे त्या रात्री 'शारदा' होतं, म्हणजे तेही संगीत नाटकच. इंग्रज सरकार आपल्याला वाटतं तेवढं मूर्ख नव्हतं. भाषण करणाऱ्याला उचललं की भाषण संपतं. पदाचं तसं नाही. शाहिराला उचललं तरी झीलकऱ्यांना ते पाठ असतं.

पण हे फक्त इंग्रजांचं दुखणं होतं का? स्वातंत्र्य मिळालं आणि मुंबई सरकारनं लाल बावटा कलापथकावर बंदी आणली. अगदी अलीकडे, २०१३ साली, कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी मुंबईत विधानभवनासमोर गाणी म्हणत स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं. सरकारं बदलली. शाहिरावर पाळत ठेवायची सवय काही बदलली नाही.

लाल बावट्याचं नाव निघालंच आहे, तर आता मी जरा रेंगाळणार आहे. घड्याळाकडे पाहू नका.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी १९४४ साली हे कलापथक काढलं. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेले, मुंबईला आले ते वडिलांबरोबर पायी. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गव्हाणकर सीमाभागातले. एक मातंग, एक मुसलमान आणि एक बेळगावकडचा माणूस. संयुक्त महाराष्ट्राचं गाणं यांनी गायलं. मराठी अस्मितेची आज जी चिंचोळी व्याख्या कानावर येते तिच्याशेजारी ही तीन नावं ठेवून पाहा. अण्णाभाऊंनी आपल्या वगांतून गणपतीचा गण काढला, त्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन घातलं. जलशानं उघडलेलं दार त्यांनी आणखी रुंद केलं.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५मध्ये आला. द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ अशी शिफारस. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला आणि एका दिवसात १५ माणसं गेली. पुढची चार-साडेचार वर्षं मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठीचा हा लढा चालला. १०५, १०६, १०७, हुतात्म्यांच्या संख्येवर आपण अजून वाद घालतो. पण मला विचारायचं आहे ते असं: आयोगाचा अहवाल लालबाग-परळच्या किती गिरणी कामगारांनी वाचला असेल? राज्याची सीमा हा नकाशाचा, जनगणनेचा, वकिली कागदांचा प्रश्न. त्याच्यासाठी माणूस गोळीसमोर का उभा राहील?

याचं उत्तर एखाद्या ठरावात सापडत नाही. ते 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत आहे.

अण्णाभाऊंनी केलं काय? छक्कड हा लावणीच्या घरातला प्रकार, शृंगाराचा, फडावरचा. त्यांनी ती एका मुंबईकर कामगाराच्या तोंडी दिली. बायकोला गावी ठेवून हा मुंबईला आलाय. तिचं रूप, तिचा निरोप, मग मुंबईची चैन आणि मुंबईचे हाल, असं गाणं पुढे सरकतं. बराच वेळ राजकारणाचा शब्द नाही. ऐकणारा कोण होता? गिरणगावातल्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारा, खानावळीत जेवणारा, गणपती-शिमग्याला गावी जाणारा माणूस. कोकणातला, घाटावरचा. त्याची मैना खरोखरच गावावर होती. गाणं त्याला काही पटवत नव्हतं, त्याच्याबद्दल बोलत होतं. तो पुरता त्यात शिरला की शेवटाकडे अण्णाभाऊ वळण घेतात: जी ताटातूट तुझी, तीच या महाराष्ट्राची. बेळगाव तिकडे, कारवार तिकडे. बस्स. नकाशा एका क्षणात बिऱ्हाडात येतो. सीमाप्रश्नाची इतकी घट्ट मांडणी मी कुठल्याही ग्रंथात वाचलेली नाही. विद्वानांनी राग मानू नये.

आणि ही झील कोण उचलतं? ज्यांची बायको गावी आहे असे हजारो पुरुष, मैदानात, एका सुरात. एरवी हे दुःख कुणी कुणाला बोलून दाखवत नव्हतं; पुरुषानं बायकोची आठवण काढून रडायचं नसतं. गाण्यानं तशी मुभा दिली आणि त्या मोकळ्या झालेल्या गळ्यातच घोषणा ठेवली. लावणीला बाजारी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ही ताकद पोवाड्यात नव्हती. पोवाड्याला शूर माणूस लागतो. छक्कडीला एकटा माणूस चालतो.

संयुक्त महाराष्ट्र गाण्यांनी मिळवला, असं मी म्हणणार नाही. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत जबर दणका दिला, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकानं रान उठवलं, एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे एका मंचावर आले, दिल्लीला हिशेब कळला. गाण्यानं माणसं मतदानापर्यंत एकत्र ठेवली, हे मात्र खरं. गोळीबारानंतर, पराभवाच्या बातम्यांनंतर, संप मोडल्यानंतर दुसऱ्या संध्याकाळी मैदानात पुन्हा जमायला काहीतरी निमित्त लागतं. भाषण ऐकायला माणूस रोज येत नाही. गायला येतो.

१ मे १९६०ला राज्य झालं. मुंबई मिळाली, बेळगाव नाही. छक्कड अर्धीच खरी ठरली. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ला गेले, हलाखीत. अमर शेख त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला अपघातात गेले. ज्या राज्यासाठी गायले त्याची नऊ वर्षं दोघांनी पाहिली. २०२२ साली मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा बसला आणि महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांनी त्याचं अनावरण केलं. स्टालिनग्राडवर पोवाडा रचणाऱ्याचा पुतळा मॉस्कोत, हे सुरेखच झालं. स्वतः अण्णाभाऊंनी या सोहळ्यावर एक फर्मास बतावणी लिहिली असती.

जिंकलेल्या चळवळीच्या गाण्याचं काय होतं? 'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३पासून आपलं राज्यगीत आहे. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, साबळ्यांचा आवाज. गाणं दणदणीत आहे, माझंही आवडतं. पण एक पाहा. राज्यगीत लागलं की आपण सावधान उभे राहतो. ओठ हलले तरी चालतं, नाही हलले तरी चालतं. ध्वनिमुद्रिका आपल्यावाचून अडत नाही. फ्रान्सच्या राष्ट्रगीताची, 'मार्सेयेज'ची, गत याहून वाईट. रुजे द लिल या लष्करी अधिकाऱ्यानं ते १७९२ साली स्ट्रासबुर्गमध्ये एका रात्रीत रचलं, क्रांतीनं ते डोक्यावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याच क्रांतीनं त्याला राजनिष्ठ म्हणून तुरुंगात टाकलं. गाणं बाहेर, गीतकार आत.

झील तुटलेला शाहीर आपणही पाहिला आहे. विलास घोगरे हा मुंबईचा कवी-गायक आयुष्यभर डाव्या चळवळीत गायला. ज्या संघटनेसाठी गायला तिनं त्याला दूर केलं होतं. जुलै १९९७मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली, आणि चार दिवसांनी विलासनं आपलं जीवन संपवलं. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटात त्याचा आवाज आहे. याहून अधिक मी यावर बोलू शकत नाही.

शेवटचा मुद्दा बायकांचा. आतापर्यंत मी घेतलेली नावं मोजा. शीतल साठे आणि बर्निस रेगन सोडल्या तर सगळे पुरुष. फड पुरुषांचा, डफ पुरुषांचा, जलशातली स्त्रीपात्रंही पुरुषांनी केलेली. मग बायका कुठे गात होत्या? जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासर-माहेर आहे, विठ्ठल आहे, आणि माजलगावसारख्या ठिकाणच्या बायकांच्या तोंडी बाबासाहेब आहेत. भाऊ म्हणून, बाप म्हणून, सोन्याच्या चष्म्यासह. पहाटे चार वाजता, समोर श्रोता नाही, पटवायचं कुणाला नाही, पोलीस नाही. या ओव्या कुठल्या पक्षानं लिहून दिल्या? कुठल्याच नाही. चळवळ जात्यापर्यंत पोचली ती सभेनं नव्हे, गाण्यानं. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हयातभर गावोगाव गात हिंडले, हजारो गाणी रचली, आणि त्यांची गाणी बारशाला, लग्नाला, पुण्यानुमोदनाला म्हटली जाऊ लागली. निवडणुकीच्या गाण्याचं आयुष्य निवडणुकीपुरतं. ज्या गाण्यावर पोर झोपतं ते तीन पिढ्या टिकतं.

आता जातं गेलं, गिरणी आली. फडाच्या जागी डीजे आला. डीजेवर मी चिडावं अशी तुमची अपेक्षा असेल. थोडा चिडतोही, कारण त्या भिंतींपुढे माणूस नाचू शकतो पण त्याचं तोंड बंद होतं. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नाही. मोबाइलबद्दल मात्र माझं मत तितकं वाईट नाही. संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार भीमगीतं गात. त्यांच्या चित्रफिती फोनवरून पसरल्या आणि त्या महाराष्ट्रभर माहीत झाल्या. मागे झीलकरी नाहीत. एक तार, एक गळा. पण ती गाणी आता वस्तीवस्तीत इतर बायकांच्या तोंडी आहेत. झील संपली असं ज्यांना वाटतं त्यांनी १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, अशा एखाद्या वस्तीत जावं, आणि दुपारीच जावं. डीजे संध्याकाळी येतो, तोवर बायकांचं गाणं उरकलेलं असतं.